इब्न अल-हैसम : नाईलचा अंदाज आणि प्रकाशाचा सिद्धांत

विज्ञानाच्या तासाला एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो की सर, ही तर नुसती थिअरी आहे, सिद्ध कुठे झालीय? चूक त्याची नाही. घरी आपण ज्याला आपली थिअरी म्हणतो तो साधा अंदाजच असतो. त्यात उर्दूत नजरिया म्हणजे थिअरी आणि नजरिया म्हणजे मतसुद्धा! विज्ञानात मात्र तपासायचा अंदाज, म्हणजे परिकल्पना किंवा मफरूजा, वेगळा आणि सिद्धांत वेगळा. हे समजावताना मी व्याख्या बाजूला ठेवतो आणि इब्न अल-हैसम यांची गोष्ट सांगतो.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ.स. 965 च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात झाला. जुने चरित्रकार सांगतात की, नाईल नदीचं पाणी अडवून तिचा पूर आणि टंचाई दोन्ही काबूत आणता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ही बातमी इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याच्या कानावर गेली आणि त्याने त्यांना कैरोला बोलावून घेतलं. माणसं घेऊन ते दक्षिणेला अस्वानपर्यंत गेले. वाटेत प्राचीन इजिप्शियनांची भव्य बांधकामं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं की, हे काम होण्यासारखं असतं तर एवढ्या कुशल लोकांनी ते कधीच केलं असतं. प्रत्यक्ष जागा पाहिल्यावर तर खात्रीच झाली. परिकल्पना तपासली, ती टिकली नाही.

आता हे खलिफाला सांगणार कोण? अल-हाकिम लहरी आणि कठोर म्हणून प्रसिद्ध. इब्न अल-हैसम यांनी चूक कबूल केली, पण पुढे जीव वाचवण्यासाठी वेडाचं सोंग घेतलं, असं सांगतात. 1021 मध्ये खलिफा गेला, तेव्हा कुठे ते घराबाहेर पडले. नंतर ते अल-अजहरजवळ राहत आणि युक्लिड, टॉलेमी यांच्या ग्रंथांच्या नकला करून पोट भरत. एवढा मोठा आलिम, आणि कातिबाचं काम!

त्यांचं नाव राहिलं ते किताब अल-मनाझिर या सात भागांच्या ग्रंथामुळे. (मनाझिर आणि नजरिया, दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतले, बरं का.) प्रश्न होता, आपल्याला दिसतं कसं? युक्लिड आणि टॉलेमी मानत की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन लागतात. नावं इतकी मोठी की शंका घ्यायची हिंमत कोण करणार? इब्न अल-हैसम यांनी साधी गोष्ट पुढे ठेवली. सूर्याकडे पाहिलं की डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी आत येतं. पण इथवर हीसुद्धा परिकल्पनाच होती.

मग प्रयोग. अंधाऱ्या जागेच्या तोंडाशी एक छिद्र, बाहेर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले अनेक दिवे. आत भिंतीवर तेवढेच उजेडाचे ठिपके. एक दिवा झाकला की नेमका त्याच्या समोरचा ठिपका जातो, झाकण काढलं की परत येतो. म्हणजे प्रकाश सरळ रेषेत येतो आणि एकाच छिद्रातून जाताना दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळत नाही. सरळ नळीतून पाहण्याचे प्रयोग झाले, परावर्तन झालं, अपवर्तन झालं, सगळ्याला भूमितीची जोड दिली. अनेक तपासण्यांतून उतरलेली आणि कितीतरी गोष्टींचा एकत्र उलगडा करणारी ही मांडणी, ती सिद्धांत. सिद्धांत म्हणजे बढती मिळालेला अंदाज, असं मुलांना वाटतं. मला ते अपुरं वाटतं. अंदाज एका प्रश्नापुरता असतो, सिद्धांतात असे कितीतरी तपासलेले धागे एकत्र विणलेले असतात.

इब्न अल-हैसम यांचा इंतकाल 1040 च्या सुमारास कैरोत झाला. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. इंद्रधनुष्याचं त्यांचं स्पष्टीकरण चुकलं होतं. ते पुढे इराणच्या कमालुद्दीन अल-फारिसी यांनी पाणी भरलेला काचेचा गोल वापरून सुधारलं, आणि तेही त्यांच्याच ग्रंथाचा अभ्यास करत. ग्रंथाचा लॅटिन अनुवाद 1572 मध्ये छापला गेला. डोळ्यातलं भिंग हेच पाहण्याचं ठिकाण, असं ते मानत. केप्लर यांनी 1604 मध्ये दाखवून दिलं की प्रतिमा मागच्या पडद्यावर, आणि तीही उलटी पडते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून प्रकाश निघतो आणि सरळ रेषेत डोळ्यापर्यंत येतो, ही मांडणी मात्र केप्लर यांनी तशीच ठेवली.