महाडचे दोन खटले आणि बॅरिस्टर बाबासाहेब

कोर्टाच्या आवारात आपले बांधव भेटतात. कुणाला मारहाण झालेली असते, कुणाची वाट अडवलेली असते. सगळ्यांचे मागणे एकच: वकीलसाहेब, केस करा. कोणती केस, दिवाणी की फौजदारी, असे विचारले की माणूस गोंधळतो. एकाच अन्यायाला कायद्याच्या दोन वाटा असतात, हे समाजाला नीट सांगितलेच गेले नाही. बाबासाहेबांचे आयुष्य पाहिले तर दोन्ही वाटा लख्ख दिसतात.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदाराच्या घरी जन्मलेले भीमराव 1922 साली बॅरिस्टर झाले आणि 1923 साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. पुढे ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक व 1935 साली प्राचार्य झाले. पण त्यांच्या कायद्याची खरी कसोटी लागली महाडला.

20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायलेल्या आपल्या माणसांवर सनातन्यांनी लाठ्या चालवल्या. ही फौजदारी बाब. येथे खटला सरकार चालवते, मार खाल्लेला माणूस साक्षीदार असतो आणि शिक्षेसाठी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. जून 1927 मध्ये पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मग सनातन्यांनी दुसरी वाट धरली. 12 डिसेंबर 1927 रोजी त्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दावा लावला. तळे आमचे खासगी आहे, असे त्यांचे म्हणणे. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. दिवाणीत वादी स्वतः लढतो. निकालात हक्क ठरतो, मनाई किंवा नुकसानभरपाई मिळते, आणि पुराव्याचे पारडे ज्याच्याकडे झुकेल तो जिंकतो. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. हजारोंचा जमाव तयार असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. लढाई कोर्टात गेली. 1931 साली महाडला, 1933 साली ठाण्याला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात सनातनी हरले. पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली!

आपल्या नाशिकला 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला. दरवाजा बंद करणारे मोकळे राहिले, दरवाजासमोर उभे राहिलेल्यांना अटका झाल्या. कारण तेव्हा अस्पृश्यता पाळणे हा गुन्हाच नव्हता.

घटनेच्या 17 व्या कलमाचे मोल येथे कळते. अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र ठरले. त्याखाली 1955 चा कायदा आला, पुढे 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. गरीब माणसाने पदरमोड करून दहा वर्षे दावा लढवायचा नाही, खटला सरकारने चालवायचा. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्याआधी ही तजवीज ते घटनेत करून गेले होते.

पण म्हणून दिवाणी वाट बंद झाली काय? मुळीच नाही. मारहाण, बदनामी, वहिवाटीला अडथळा ही अपकृत्येही आहेत. अपकृत्य म्हणजे असे कृत्य, ज्याबद्दल करणाऱ्याकडून थेट भरपाई मागता येते. ॲट्रॉसिटीच्या नियमांखाली मिळते ते सरकारी अर्थसाहाय्य. ते सरकारच्या तिजोरीतून येते, अन्याय करणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. साक्षीदार फुटले, आरोपी सुटला, की आपण घरी बसतो. वास्तविक आरोपी सुटला तरी दिवाणी दावा चालू शकतो, कारण तेथे पुराव्याचे माप वेगळे आहे. मात्र दाव्याला मुदत असते. बदनामीसाठी तर ती एकच वर्ष आहे. फौजदारीच्या निकालाची वाट पाहत बसलात तर हा हक्क गेला!

वकिलाच्या फीची धास्ती नको. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, दिवाणी दाव्यासाठीही.

पोलीस ठाण्यात फिर्याद द्या, पण तेथेच थांबू नका. सनातन्यांनी दिवाणी कोर्ट आपल्याविरुद्ध वापरले, बाबासाहेबांनी त्याच कोर्टात त्यांना हरवले. त्यांच्या अनुयायांनी त्या कोर्टाची पायरी चढायला कचरू नये.