बिदरला रात्री विमाने उतरवणारा सिडनी कॉटन

बरकतपुरा (हैदराबाद) : १७ सप्टेंबर जवळ आला की रझाकारांची आठवण निघतेच. पण निजामाला विमानाने हत्यारे पोचवणारा गोरा वैमानिक फारसा कुणाला ठाऊक नाही. सिडनी कॉटन १८९४ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मला. १९२० नंतर न्यूफाउंडलंडच्या बर्फावर तो विमानातून सीलचे कळप हुडकून शिकाऱ्यांना ठिकाण सांगायचा. १९३९ मध्ये साध्या प्रवासी विमानात कॅमेरे लपवून त्याने जर्मनीचे फोटो काढले. १९४८ मध्ये भारताची नाकेबंदी चुकवून त्याच्या विमानांनी कराचीहून रातोरात बिदर, वरंगळला शस्त्रे उतरवली. तरी सप्टेंबरमधल्या पाच दिवसांच्या कारवाईत निजामाने हात टेकले. ब्रिटनमध्ये कॉटनला फक्त २०० पौंड दंड झाला. १९६९ मध्ये तो वारला. सीमाभागातल्या गावांनी मात्र त्या वर्षाची किंमत घरादारासकट मोजली.