पडलेली झाडं वाचणारा फुजिता

वळवाचा पाऊस यायच्या आधी काय होतं, आठवतंय? अंगातून घामाच्या धारा वाहत असतात आणि अचानक थंडगार वारा सुटतो. धूळ उडते, पार्किंगमधल्या बाइक आडव्या होतात. हा वारा येतो कुठून? वरून! ढगात गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. हीच हवा विमान पाडू शकते, हे जगाला पटवून दिलं तेत्सुया फुजिता या जपानी माणसाने.

फुजितांचा जन्म १९२० सालचा. १९४५च्या ऑगस्टमध्ये ते २४ वर्षांचे होते आणि कोकुरा शहराजवळच्या कॉलेजात शिकवत होते. ९ ऑगस्टला अणुबॉम्ब पडायचा होता तो कोकुरावर. पण आकाश झाकोळलेलं होतं, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. फुजिता वाचले. काही आठवड्यांनी ते नागासाकी आणि हिरोशिमाला गेले. जळाल्याच्या खुणा कुठल्या दिशेला आहेत यावरून स्फोट किती उंचीवर झाला असेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. नुकसान बघून कारण ओळखायचं, ही सवय तिथेच लागली.

पुढे वादळांवरचं त्यांचं काम बघून शिकागो विद्यापीठातून बोलावणं आलं आणि १९५३ साली ते अमेरिकेला गेले. टोर्नेडोचा वेग मोजायचा कसा? यंत्रं तर त्यात टिकत नाहीत. फुजितांनी उलटा विचार केला. घरं, झाडं, गाड्या यांचं काय झालं ते बघा आणि वेगाचा अंदाज बांधा. १९७१ची ‘एफ स्केल’ ती हीच.

एप्रिल १९७४मध्ये अमेरिकेत एका दिवसात १४८ टोर्नेडो आले. विमानातून पाहणी करताना फुजितांना काही ठिकाणी झाडं गोल फिरल्यासारखी नाही, तर मधून बाहेरच्या बाजूला पडलेली दिसली. असं दृश्य त्यांनी जपानमध्ये पाहिलं होतं.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ला, न्यूयॉर्कला उतरताना एक विमान कोसळलं आणि ११३ जण गेले. फुजितांनी नोंदी तपासल्या आणि दोष त्या कोसळत्या हवेला दिला. म्हणजे बघा, विमानाला आधी समोरून जोराचा वारा लागतो आणि ते वर उचललं जातं. पायलट इंजिनाचा जोर कमी करतो. लगेच वरून दाब येतो, मग पाठीमागून वारा, आणि विमान खाली जातं. फुजितांनी याला ‘मायक्रोबर्स्ट’ म्हटलं. अनेक हवामानतज्ज्ञांना ते पटेना. जमिनीजवळ येईपर्यंत ही हवा मंदावते, असं त्यांचं म्हणणं. फुजिता वाद घालत बसले नाहीत. १९७८मध्ये त्यांनी शिकागोजवळ डॉप्लर रडार लावले आणि मायक्रोबर्स्ट पकडून दाखवला.

गंमत म्हणजे, या ‘मिस्टर टोर्नेडो’ने स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो पाहिला तो १९८२ साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी!

पण बदल लगेच झाला नाही. १९८५मध्ये डलासला आणखी एक विमान मायक्रोबर्स्टमध्ये सापडून पडलं. त्यानंतर पायलटांचं प्रशिक्षण आणि विमानतळावरचे इशारे यांना खरा वेग आला. १९९८मध्ये फुजिता गेले.

पावसाळ्यात तुमचं विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर उचललं गेलं, तर वैतागू नका. खाली काय दडलेलं असू शकतं, ते पायलटला शिकवलेलं असतं. ते शिकवण्यामागे पडलेली झाडं नीट बघणारा एक माणूस आहे.