सरळ दोऱ्यांची वक्ररेषा

एव्हरेस्ट हे नाव आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. १८६५ साली शिखराला ते मिळालं भारताचे महासर्वेक्षक सर जॉर्ज एव्हरेस्ट यांच्यावरून. त्यांची पुतणी मेरी हिने मात्र गणिताचं शिखर मुलांच्या आवाक्यात आणलं.

मेरीचा जन्म १८३२चा, इंग्लंडमधला. वडील पाद्री. त्यांच्या आजारपणामुळे कुटुंब फ्रान्सला गेलं. तिथे लाभलेले शिक्षक उत्तर सांगत नसत. छोटे छोटे प्रश्न विचारून, तिचीच उत्तरं तिला लिहायला लावून पुढची पायरी शोधायला लावत. मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडून ते क्रमाने सोडवणं, यालाच आज आपण संगणकीय विचारपद्धती म्हणतो.

१८५५ साली गणितज्ञ जॉर्ज बूल यांच्याशी तिचं लग्न झालं. त्यांनी मांडलेल्या तर्काच्या बीजगणितावर पुढे संगणकाची मंडलं उभी राहिली. पण १८६४च्या डिसेंबरात न्यूमोनियाने बूल गेले. मेरीबाई बत्तीस वर्षांच्या, पदरी पाच मुली, धाकटी सात महिन्यांची. लंडनच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी ग्रंथपालाची नोकरी धरली. नोकरी पुस्तकांची, पण त्या मुलींना शिकवतही.

त्यांचं साधन म्हणजे पुठ्ठा, सुई आणि रंगीत दोरा. कोनाच्या दोन्ही भुजांवर टोकापासून सारख्या अंतरावर दहा-दहा भोकं पाडायची. एका भुजेवरचं पहिलं भोक दुसरीवरच्या दहाव्याला जोडायचं, दुसरं नवव्याला. नियम एवढाच. दोरे सगळे सरळ, पण त्यांच्या कडेने डौलदार वक्ररेषा उमटते! एक भोक चुकलं की नक्षी बिघडते. कुठे चुकलं, ते मूल स्वतःच शोधतं.

ठाऊक नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केलं की बीजगणित सुरू होतं, असं त्या मानत. आम्ही बँकवाले न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून तिचा माग काढत असू. ‘क्ष’ म्हणजे दुसरं काय?

१९०४ साली त्यांनी मुलांच्या विज्ञानाच्या पूर्वतयारीवर पुस्तक लिहिलं. १९१६ साली त्या गेल्या. आपल्या २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही संगणकीय विचारावर भर दिला आहे. त्यासाठी संगणकाची वाट कशाला पाहायची? गरम पाणी निवत असताना दर दोन मिनिटांनी मुलांनी तापमान लिहावं, त्यातला नियम हुडकावा, पुढचा आकडा आधी सांगावा आणि मग तापमापी पाहावी. अंदाज चुकला, तर तिथूनच खरा विज्ञानाचा तास सुरू होतो.