शंकरराव देव : अध्यक्षपदाची निवडणूक आणि नंतर

खालापूर तालुक्यातील खोपोलीत १९१५ मध्ये टाटांचे वीजगृह सुरू झाले. पुढे टाटांनीच विजेसाठी मुळशीचे खोरे धरणाखाली घेण्याचे ठरविले. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या सत्याग्रहात शंकरराव देव उतरले आणि तुरुंगात गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ते काँग्रेसचे सरचिटणीस झाले. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९५० मध्ये त्यांनी काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. पुरुषोत्तमदास टंडन यांना सरदार पटेलांचा पाठिंबा होता, तर आचार्य कृपलानींकडे नेहरूंचा कल होता. देवांमागे असे बळ नव्हते. टंडन यांना १३०६, कृपलानींना १०९२ आणि देवांना अवघी २०२ मते पडली. ही सारी मते कृपलानींना मिळाली असती, तरी टंडनच पुढे राहिले असते. मात्र एकूण मतांच्या निम्म्याहून त्यांची मते सहाच अधिक होती, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

या पराभवापेक्षा १९५५ मधील विशाल द्वैभाषिकाचा प्रस्ताव देवांना अधिक महाग पडला, असे आम्हांस वाटते. लोकमत दुरावले, चळवळीचे नेतृत्व समितीकडे गेले. देव सर्वोदयाकडे वळले. १९६३ मध्ये त्यांनी दिल्ली-पेकिंग मैत्रीयात्रा काढली. चीनने प्रवेश नाकारला.