अर्ध्या तासाचा नियम आणि खाशाबा जाधव

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा असो वा लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्त्यांच्या फडाशिवाय ती पुरी होत नाही. मल्लांना आणि प्रेक्षकांनाही तेथे एक नियम पुरेसा असतो. पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव याच परंपरेत घडले. त्यांच्या कारकिर्दीचा निर्णायक क्षण मात्र मातीवर नव्हे, गादीवर आला. आणि तेथे बळाइतकाच लिखित नियमही महत्त्वाचा ठरला.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान असल्याने आखाड्याची ओळख घरातच झाली. कराडच्या टिळक हायस्कूलमधील शिक्षणानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. उंची बेताची, अंगयष्टी लहान. पण चपळाई आणि डावांची समज विलक्षण होती.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले. गादीवरील कुस्तीचे गणित त्यांना नवे होते. तेथे पाठ टेकली नाही, तरी ठरलेली वेळ संपताच पंच निकाल देत. एका पराभवाने मल्ल लगेच बाद होत नसे; दोषांकांची मर्यादा ओलांडली की स्पर्धेबाहेर पडे. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांच्याकडून या शैलीचे धडे घेत खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळविला.

पुढील चार वर्षे त्यांनी तयारीत घालविली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड झाली, तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. कराड परिसरातील लोकांनीही आपापल्या परीने वर्गणी जमविली.

हेलसिंकीत बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरविले. त्यानंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ, दमवणारी लढत त्यांनी गमावली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव यांच्याशी लढण्यासाठी त्यांना पाचारण करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून हरकत घेण्यासाठी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि पराभूत झाले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. नियम पुस्तकात होता. खेळाडूच्या बाजूने तो मांडणारे कोणी नव्हते.

मायदेशी परतल्यावर कराडकरांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. सत्कारांत खाशाबा रमले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडविण्यास हातभार लावला. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा शासकीय सन्मान आला नाही. त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक भारताला ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये लिएंडर पेसच्या रूपाने मिळाले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

दरम्यान मातीतून गादीकडे जाणारी वाट मराठवाड्यातूनही चालली गेली. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. आज तालुक्याच्या तालमीतही गादी आली आहे. तेथे डाव शिकविणाऱ्या वस्तादांनी नियमांचे पुस्तकही तितक्याच आस्थेने शिकविले, तर हेलसिंकीतील तो न मिळालेला अर्धा तास पुढच्या पिढीच्या कामी येईल.