चक्रधरस्वामी आणि कुलुपांतली मराठी

आपल्या बाजारपेठेंत वरून गोड बोलून आंतून घात करणाऱ्या माणसाला मानभावी म्हणण्याचा प्रघात आहे. सौदा फिसकटला कीं हा शब्द तोंडीं येतो, भाऊबंदकीच्या भांडणांत येतो, सभेंतल्या वादावादींत तर हमखास येतो. परंतु तो उच्चारतांना आपण साडेसात शतकांच्या एका धर्मपंथाची निंदा करीत आहों, याची जाणीव फारच थोड्यांना असते. मानभाव हें महानुभाव या नांवाचेंच झिजलेलें रूप होय. ज्या पंथानें मराठी गद्याला पहिला मोठा ग्रंथ दिला, त्याच्याच नांवाची मराठीनें शिवी करावी, हा प्रकार कसा घडला हें समजून घेण्यास त्या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या चरित्राकडे वळलें पाहिजे.

चक्रधर हे मूळचे गुजराथेंतले. भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचे ते पुत्र. घरचें नांव हरिपाळदेव. हरिपाळदेव मरण पावले असतां चांगदेव राऊळ यांनीं त्यांच्या देहांत प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा आहे. तिची चिकित्सा करण्याचें हें स्थळ नव्हे. मात्र ज्या चरित्रकारांनीं त्यांना साक्षात् परमेश्वर मानलें, त्यांनींच त्यांचा जुगाराचा नादही न लपवितां लिहून ठेविला, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. द्यूतांत हरलेलें देणें फेडण्यासाठीं पत्नी कमळाइसेकडे त्यांनीं दागिने मागितले. तिनें ते देण्याचें नाकारलें. आणि त्या नकारानें संसारावरचें मन उडालें. रामटेकच्या यात्रेचें निमित्त करून ते घराबाहेर पडले, ते पुन्हा परत गेले नाहींत. वऱ्हाडांत ऋद्धिपूर येथें त्यांना गोविंदप्रभु भेटले. लोकांना वेडगळ वाटणारे, महारामांगांच्या घरींही निःसंकोच शिरणारे हे अवलिया पुरुष. त्यांनाच हरिपाळदेवांनीं गुरु मानलें आणि तेथून पुढें चक्रधर हें नांव चाललें.

यानंतरचीं कित्येक वर्षें एकाकी भ्रमणांत गेलीं. सालबर्डीच्या डोंगरांत त्यांनीं बारा वर्षें काढलीं असें पंथ सांगतो. याच भ्रमंतींतली एक गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढें धांवत आलेला ससा स्वामींच्या मांडीखालीं लपला. पारध्यांनीं तो मागितला. शरण आलेला जीव देतां येत नाहीं, असें स्वामींनीं त्यांना शांतपणें समजाविलें आणि ते परत फिरले.

शके 1190 च्या सुमारास, म्हणजे इ. स. 1268 सालीं, पैठण येथें त्यांच्या खऱ्या कार्याला आरंभ झाला. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व नित्य आहेत. देवता आपापलें फळ देतील, पण मोक्ष देणारा परमेश्वर एकटाच, असें त्यांचें मत. दत्तात्रेय, श्रीकृष्ण, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभु व स्वतः चक्रधर हे त्या परमेश्वराचे पांच अवतार पंथ मानतो. नवससायास व व्रतवैकल्यें यांनीं भरलेल्या समाजांत हें मत कोणाच्या मुळावर येणार होतें, तें सांगावयास नको. त्याच काळांत यादवांचा मंत्री हेमाद्रि व्रतें, दानें आणि श्राद्धें यांचा प्रचंड संग्रह रचीत होता!

पण स्वामींचें मोठेपण केवळ तत्त्वज्ञानांत नाहीं. शिष्यांनीं चारही वर्णांच्या घरीं भिक्षा मागावी, असा त्यांचा दंडक होता. स्त्रियांना त्यांनीं संन्यासाचा अधिकार दिला. मासिक विटाळाचा प्रश्न निघाला तेव्हां, शरीराच्या इतर द्वारांनीं मळ बाहेर पडतो तसाच हाही पडतो, त्यांत अपवित्र कांहीं नाहीं, असा निर्वाळा त्यांनीं दिला. आज विसाव्या शतकाचाही अंत होऊन पाव शतक लोटलें, तरी ज्या घरांत महिन्याचे तीन दिवस सून वेगळी बसते, तेथें हा निर्वाळा वाचून दाखविण्यासारखा आहे. अर्थात् गृहस्थांची जातिव्यवस्था स्वामींनीं मोडून टाकली, असें आजचे कांहीं उत्साही लेखक म्हणतात तें आम्हांस पटत नाहीं. त्यांची समता मुख्यतः संन्यस्तांच्या मेळ्यांतली होती. पण त्या मेळ्यांतही ती त्या काळीं दुसरीकडे कितीशी होती?

इ. स. 1274 च्या सुमारास हें पर्व संपलें. स्वामी उत्तरापंथें निघून गेले, असें पंथ मानतो. राजसत्तेनें व पैठणच्या धर्ममार्तंडांनीं त्यांचा छळ केला, इतकेंच नव्हे तर वध करविला, असें कांहीं पाठांत आढळतें. एवढें खरें कीं शिष्यपरिवार अनाथ होऊन ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंकडे गेला आणि त्यांच्यामागें सारा भार नागदेवाचार्यांवर पडला. केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतांत लिहूं लागले, तेव्हां तसें केल्यानें पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असें सांगून आचार्यांनीं त्यांना आवरलें. मराठीचा याहून सरळ कैवार आमच्या ऐकिवांत नाहीं. नागदेवांची चुलतबहीण महदाइसा हिचे धवळे याच मंडळींतले. मराठींतली आद्य कवयित्री म्हणून तिचा मान आहे.

म्हाइंभट हा मूळचा वादप्रिय विद्वान्. स्वामींच्या सहवासांत आलेला एकेक माणूस गांठून, आठवणी विचारून, त्यानें 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केलें. ज्ञानेश्वरीला तेव्हां बारा वर्षांचा अवकाश होता. स्वामी काय जेवले, कोठें उतरले, कोणावर रागावले, सारें त्यांत आहे. पुढें मुसलमानी स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली व शिष्यांनीं स्मरणानें ती पुन्हा जुळविली. त्यामुळें आज तिचे पाठ अनेक आहेत.

आणि येथेंच या कथेंतला दुर्दैवाचा भाग येतो. चौदाव्या शतकांत पंथानें आपले ग्रंथ सकळ नांवाच्या सांकेतिक लिपींत घातले. एका अक्षराऐवजीं दुसरें लिहावयाचें, किल्ली दीक्षितांच्याच हातीं. पवित्र वचनें अपात्रीं पडूं नयेत हा हेतु असेल, छळाचें भयही असेल. पण म्हाताऱ्या बायकांसाठीं मराठी राखणाऱ्या आचार्यांचा वारसा असा पेटींत बंद झाला. बाहेरच्यांना काळीं वस्त्रें तेवढीं दिसत, आंतलें कांहीं कळत नसे. आणि जें कळत नाहीं त्याविषयीं लोक वाईटच बोलतात. मानभावी हा शब्द अशा अंधारांत वाढला. इकडे पंथांतही तेरा आम्नाय झाले. त्यांतले कवीश्वर व उपाध्ये हे मुख्यत्वें उरले. तिकडे पंजाब व काबूलपर्यंत जयकृष्णी या नांवानें पंथ पोंचला आणि परप्रांतींच्या मठांत जुनी मराठी पोथी वाचली जाऊं लागली. या कुलुपाचा एक लाभही कबूल केला पाहिजे: नव्या हातांनीं भाषा सुधारली नाहीं, म्हणून यादवकालीन मराठी बरीचशी जशीच्या तशी राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं ही लिपी उलगडली. ह. ना. नेने यांनीं 1936 पासून लीळाचरित्र भागशः छापलें, वि. भि. कोलते यांची आवृत्ति 1978 सालीं निघाली. तींतील कांहीं लीळांवर पंथीयांनीं तीव्र आक्षेप घेतला. त्यांच्या श्रद्धेला धक्का बसला असेल, हें आम्ही अमान्य करीत नाहीं. पण त्यावर उपाय ग्रंथ मागें घेण्याचा नव्हे. महंतांच्या मठांत ज्या पोथ्या आहेत त्या त्यांनीं बाहेर काढाव्यात, आपल्या मतें शुद्ध असलेला पाठ आपल्या टीपांसह छापावा, आणि दोन्ही आवृत्त्या वाचकांपुढें शेजारीं शेजारीं ठेवाव्यात. ऋद्धिपुरास आतां मराठी भाषेचें विद्यापीठ झालें आहे. हें काम त्यानें आपल्याकडे मागून घ्यावें.